ग्राइंडर लावण्याआधी

अगं, काल रात्री साडेअकराला तुझे दोन फोटो आले आणि माझी झोपच उडाली. पहिल्यात मामाची येझ्दी रोडकिंग, गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्यांना टेकवलेली, टाकीवर बोटभर धूळ. दुसऱ्यात परदेशातली कुठलीशी स्क्रॅम्बलर. वर उचललेले सायलेंसर, बटन टायर, आखूड सपाट सीट, मागचा मडगार्ड जवळजवळ नाहीच. खाली तू लिहिलंस, ‘ताई, हिची ही करायची. गॅरेजवाला म्हणतो, मागची चासी कापावी लागेल. बुधवारी टेम्पो घेऊन येतोय.’

बुधवारी त्याला येऊ देऊ नकोस. एवढं एक माझं ऐक, बाकी सगळं तुझ्या मनासारखं होईल. स्क्रॅम्बलर करू नकोस असं मी म्हणतच नाहीये. तुझ्या वयाची असताना मलाही हेच वेड होतं आणि ते अजून गेलेलं नाही. पण कापायचं नाही. जे काही बदलायचं ते नट-बोल्टांनी बसेल आणि नट-बोल्टांनीच निघेल असं बदलायचं. हे मी एवढ्या ठामपणे का सांगतेय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आज सांगते.

माझी पहिली रोडकिंग तुला आठवत असेल, काळी. तिची मागची चासी मी कापून घेतली होती. पुण्याबाहेरचं एक गॅरेज होतं, नाव सांगत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. त्यांनी सीटखालचा मागचा भाग ग्राइंडरनं उडवला, पाइप वाकवून एक गोल कमान जोडली आणि वर चामड्याची सीट बसवली. गाडी इतकी देखणी झाली होती की सिग्नलला लोक काचा खाली करून विचारायचे. चार महिने मी हवेत होते.

पावसाळ्यात मी आणि माझी मैत्रीण भोरहून वरंधा घाटाकडे निघालो. ती मागे बसलेली. एका खड्ड्यातून चाक वर आलं आणि ‘कट्’ असा कोरडा आवाज झाला. सीट बसल्याजागी चार बोटं खाली गेली, मडगार्ड टायरला घासायला लागला, रबर जळल्याचा वास. वेग कमी होता म्हणून वाचलो. उतारावर असतो आणि चाक अडकलं असतं, तर पुढचं मला आजही मनात आणवत नाही. एका टपरीवाल्यानं सुतळी दिली. ती मैत्रीण एसटीनं परतली, मी गाडी ढकलत, मध्येच पहिल्या गिअरवर चालवत भोरला आणली.

तिथल्या लेथवाल्या काकांनी तुटलेला पाइप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘बघा.’ तुटलेल्या कडेचा बराचसा भाग तपकिरी होता, गंजलेला. फक्त नखाएवढी एक पट्टी चकचकीत. काका म्हणाले, ‘ही पट्टी आज तुटली. बाकीचं महिना-दोन महिने तुटतच होतं, तुम्हाला कळलं नाही.’ वेल्डिंग वरच्यावर बसलेलं होतं, आतपर्यंत पोचलंच नव्हतं. गंज आणि जुना रंग नीट न काढता त्यावरच जोड दिलेला. वरून घासून, पुट्टी भरून, रंग मारला की सगळे जोड सारखेच दिसतात गं. आपल्याला कसं कळणार? ती तपकिरी कड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही आणि काल तुझा मेसेज वाचताना पहिल्यांदा तीच दिसली.

मागच्या शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक चासीच्या त्याच मागच्या भागावर बसतं. चाकाला बसलेला प्रत्येक दणका तिथे येऊन थांबतो. त्याच्याही मागे, अधांतरी, मागच्या माणसाचं वजन. म्हणजे दिसायला तो भाग नुसता सीट धरणारा वाटतो, पण खड्ड्यात सगळ्यात जास्त मार तोच खातो. फोटोतल्या गाडीचं काम ज्यानं केलंय त्यानं कदाचित योग्य जाडीचा पाइप घेतला असेल, आत स्लीव्ह घालून टिग वेल्डिंग केलं असेल. तसं काम करणारे हात आपल्याकडेही आहेत, नाही असं नाही. पण ‘कापावं लागेल’ हे ज्याचं पहिलं वाक्य असतं, त्याच्याकडे ते हात क्वचित असतात. चांगला मिस्त्री आधी विचारतो, ‘तुम्ही चालवणार कुठे?’

मग ही स्क्रॅम्बलर म्हणजे नेमकं काय, ते बघ. २९ मार्च १९२४ ला इंग्लंडमध्ये सरेतल्या कॅम्बर्लीच्या माळरानावर एक शर्यत झाली. चढ-उतार, वाळू, झुडपं, चिखल आणि जो आधी पोचेल तो जिंकला. हातापायांनी धडपडत चढणं म्हणजे ‘स्क्रॅम्बल’, तेच नाव त्या खेळाला चिकटलं. पुढे त्याचंच मोटोक्रॉस झालं. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या गाड्या नव्हत्याच. पोरं आपली रोजची गाडी घ्यायची आणि चिखलात जे अडतं, तुटतं किंवा उगाच वजन वाढवतं ते काढून ठेवायची. दिवे काढले, मडगार्ड वर उचलला, दगड लागू नयेत म्हणून सायलेंसर वर घेतला, ताबा राहावा म्हणून रुंद हँडल लावलं. सोमवारी पुन्हा सगळं जागेवर बसवून कामावर जायचं. म्हणजे स्क्रॅम्बलर ही मुळातच काढण्या-घालण्याची गाडी आहे. तिच्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. आज फोटोत ती कारणं दिसत नाहीत, फक्त आकार दिसतो, आणि आकारासाठी आपण गाडी कापायला निघतो.

‘द ग्रेट एस्केप’मधली ती तारेच्या कुंपणावरची उडी तुला आवडते ना? १९६३ चा सिनेमा. सगळ्यांना त्यात स्टीव्ह मॅक्वीन दिसतो. ती उडी मारली बड एकिन्सनं, ट्रायम्फच्या टीआर-६ वर, आणि त्याच्यामागे त्याची कित्येक वर्षांची मातीतली सवय होती. पोस्टरवर ती सवय येत नाही.

आणि आता तुझ्या मामाच्या गाडीची गोष्ट, कारण ती तुला कुणी सांगितलेली नसणार. येझ्दीचं रक्त चेक आहे. प्रागमध्ये १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदारानं जर्मन वाँडरर कंपनीचं डिझाइन घेऊन गाड्या सुरू केल्या. यानेचेकच्या स्पेलिंगमधली पहिली दोन अक्षरं ‘JA’ आणि वाँडररमधली ‘WA’, म्हणून जावा. १९६१ पासून आयडियल जावानं त्या म्हैसूरमध्ये बनवायला सुरुवात केली, पुढे त्यांचं नाव येझ्दी झालं, इराणमधल्या याझ्द शहरावरून. रोडकिंग १९७८ ला आली आणि कारखाना १९९६ मध्ये बंद पडेपर्यंत निघत राहिली. २४८.५ सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलेंडर पण त्यातून निघणारे दोन सायलेंसर.

या चेक लोकांचं मातीवर विलक्षण प्रभुत्व होतं. ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ नावाची सहा दिवसांची स्पर्धा असायची. डोंगर, जंगल, ओढे. नियम असा की गाडी बिघडली तर चालवणाऱ्यानंच दुरुस्त करायची, मिस्त्रीनं हात लावायचा नाही. तिची मुख्य ट्रॉफी चेकोस्लोव्हाकियानं १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं घेतली, जावा आणि तिथल्याच सीझेड कंपनीच्या गाड्यांच्या बळावर. त्याच घराण्यातली गाडी मामानं तीस वर्षं ऊस-कांद्याच्या रस्त्यांवर चालवली. ती मातीला नवखी नाहीच गं.

आणि याच स्पर्धेत बायका होत्या, हे मुद्दाम सांगते. १९२७ मध्ये मार्जरी कॉटल, एडिथ फोली आणि लुई मॅक्लीन या तिघींच्या ब्रिटिश संघानं ‘सिल्व्हर व्हाज’ जिंकला. बर्मिंगहॅमच्या ओल्गा केवेलोसनं १९४९ आणि १९५३ अशी दोनदा सुवर्णपदकं मिळवली, त्यातलं दुसरं थेट चेकोस्लोव्हाकियात जाऊन. या बायका स्वतः टायर उतरवायच्या, ट्यूब बदलायच्या, चेन जोडायच्या. गॅरेजमध्ये तुला कुणी ‘मॅडम, तुम्ही खुर्चीवर बसा’ म्हणालं, की ओल्गाबाईंची आठवण काढायची आणि गाडीपाशी जाऊन उभं राहायचं. मी तेव्हा खुर्चीवर बसले होते. गाडीपाशी उभी असते, तर तो गंजावरचा जोड मला दिसला असता.

बरं, आता करायचं काय ते सांगते.

आधी गाडी आहे तशी चालू कर आणि एक पावसाळा चालव. खरंच. तुला अजून हेही माहीत नाही की तिची किक आणि गिअर एकच दांडा आहे. डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवलास की तो किक होतो, गाडी सुरू झाल्यावर खाली आणला की गिअर. पहिले आठ दिवस पाय चुकतो. गिअर बदलताना क्लचची मूठ दाबली नाही तरी चालतं, दांड्यावर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो. या सगळ्याची पायाला सवय झाल्यावर तुझं तुला कळेल की हँडल किती रुंद हवं, पायटे कुठे हवेत, सीट कुठे टोचते. न चालवता ठरवलेलं डिझाइन हे दुसऱ्याच्या अंगाचं माप देऊन शिवलेल्या ब्लाउजसारखं असतं.

मग हँडल. रुंद आणि थोडं उंच घे. सुट्या मातीवर पुढचं चाक भरकटतं तेव्हा लांब दांड्यानं ते धरून ठेवायला कमी जोर लागतो. पण हँडल बदललं की क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच्या केबली ताणल्या जातात. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून बघ. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर केबल तोकडी आहे.

टायर. बटन टायर दिसायला भारी, चिखलात उत्तम, ओल्या डांबरावर मात्र बेभरवशाचे. जमिनीला टेकणारं रबर कमी असतं ना. तू रोज कॉलेजला डांबरावरूनच जाणार. तेव्हा मधल्या जातीचे घे, ज्यांचे गट्टू जवळजवळ असतात. आणि रुंदीचा मोह नको. मागे जाड टायर घुसवला की तो चेनकव्हरला नाहीतर मडगार्डला घासतो, मग पुन्हा कुणीतरी म्हणतो ‘थोडं कापू या’. ते चेनकव्हरही काढू नकोस. आपल्या येझ्दीची चेन पूर्ण झाकलेली असते, मागे-पुढे रबरी नळ्या असतात. चिखलात जाणाऱ्या गाडीला याच्यापेक्षा चांगलं काय हवं? लोक ती काढून टाकतात, केवळ चेन दिसली की गाडी रांगडी वाटते म्हणून.

सायलेंसरवर मात्र जरा वेळ काढ, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथे बिघडतात. टू-स्ट्रोकचा सायलेंसर म्हणजे नुसती धूर सोडायची नळी नव्हे. जळालेला वायू बाहेर पडतो त्याच्या मागोमाग थोडं न जळलेलं ताजं मिश्रणही निसटू बघतं. सायलेंसरच्या आतून उलट फिरून येणारी दाबाची लाट ते मिश्रण परत सिलेंडरात ढकलते. ती लाट किती वेळात परत येते हे पाइपाची लांबी आणि आतला आकार ठरवतो. म्हणून कुणी ‘अर्धा फूट कमी केला की मोकळी पळेल’ म्हणाला, तर हात जोड. आवाज वाढेल, ओढ कमी होईल, पेट्रोल जास्त जाईल. वर पोलिसही पकडतील, आपल्याकडे असे सायलेंसर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात.

वर उचलायचेच असतील तर लांबी आणि आतला आकार तोच ठेवून नुसती वाट बदलायची. त्यातही येझ्दीची एक खास अडचण आहे. दोन सायलेंसर, दोन बाजूंना. डावीकडचा वर घेतला की तो नेमका किकच्या फिरण्याच्या वाटेत येतो. माझ्या काळ्या गाडीवर तसंच केलं होतं, किक मारली की टाच पाइपाला लागायची. उजवीकडे मांडी-पोटरी भाजते. त्याला जाळीदार पत्रा लावावा लागतो आणि पत्रा व पाइप यांत बोटभर हवा खेळती राहावी लागते, चिकटवून लावलेला पत्रा स्वतःच तापतो. मला विचारशील तर सायलेंसर आहेत तिथेच राहू दे. आतली नळी बाहेर काढून, साचलेला कार्बन साफ करून घे. निम्म्या येझ्द्यांची ओढ तिथेच अडकलेली असते.

एअरफिल्टरचा डबा काढून सीटखाली आरपार दिसेल असं करायचं आणि कार्ब्युरेटरला कोन फिल्टर लावायचा, ही हल्ली फॅशन आहे. टू-स्ट्रोकला हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी होतं. इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, तोही वेगात असताना. मागचं चाक एकदम अडकतं. तो डबा राहू दे. ऑइलचं सांगायचं तर माझा मिस्त्री लिटरमागे ४० मिलि टू-टी घालायला सांगतो, तेच मी इतकी वर्षं घालते. अंदाजे धार धरायची नाही, मापानं घालायचं.

उंचीचं बोलू या? हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. आपल्या घरातल्या सगळ्या बायका पाच फूट दोनच्या आत. फोटोतल्या गाडीचा मागचा शॉक लांब घातलाय, म्हणून ती ऐटीत उभी दिसते. मागून गाडी उचलली की सीट उंच होते आणि पुढचा फोर्क जास्त उभा होतो, त्यामुळे हँडल चंचल होतं. रोडकिंग साधारण १४० किलोची आहे. ट्रॅफिकमध्ये ती एका पायाच्या चवड्यावर पेलता येते, पण दगडाच्या रस्त्यावर थांबायची वेळ आली आणि नेमका पायाखाली खड्डा आला, की गाडी आडवी होते. आजच्या तयार स्क्रॅम्बलरही काही बुटक्या नाहीत. आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स ८३५ मिमी आहे, रॉयल एनफील्डची बेअर ६५० आहे ८३० मिमी. शोरूममध्ये जाऊन नुसती बसून ये, बूट घालून. अंदाज येईल. दोन्ही चवडे नीट टेकतात अशी सीट हा कमीपणा नाही. मातीत गाडी सांभाळताना तोच आधार असतो. मामाच्या गाडीची उंची एक इंचानंही वाढवू नकोस.

आणि साडी गार्ड. तो पहिल्याच दिवशी निघतो आणि भंगारात जातो, मला माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे, त्यात मागच्या माणसाला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण सक्तीचं आहे. पण नियम बाजूला ठेव. आई एका बाजूला पाय सोडून बसते. तिचा पदर कुठे जातो, ते तिला मागे बसवून एकदा आरशात बघ.

कागद. हे कंटाळवाणं आहे, तरी वाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात दिलेले आणि आरसीवर नोंदलेले तपशील बदलतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, रंग बदलला तरी नोंद. मामाचं आरसी बुक १९८२ चं आहे. १५ वर्षांची पहिली मुदत केव्हाच संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते झालंय का ते आधी बघ. चासी नंबर आणि इंजिन नंबर घासून स्वच्छ कर, आरसीशी एकेक आकडा जुळव. पासिंगला गाडी उभी करशील तेव्हा ती रोडकिंगसारखी दिसायला हवी. विम्यालाही हेच लागू. न सांगितलेल्या बदलांमुळे दावा अडकला, तर भांडायला जागा उरत नाही.

आणखी एक. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला. ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी, दुचाकीसुद्धा, व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अशी गाडी रोज चालवता येत नाही, मेळावा-प्रदर्शन एवढ्यापुरतीच, म्हणून तू तशी नोंद करच असं मी म्हणत नाही. पण मामाच्या गाडीला २०३२ मध्ये पन्नास पूर्ण होतील. तेव्हा तू तिशीतही नसशील. ते दार आज कटरनं बंद करायची घाई कशाला? नट-बोल्टांनी केलेली स्क्रॅम्बलर एका रविवारात पुन्हा रोडकिंग होते. काढलेला प्रत्येक भाग गोणपाटात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेव. मूळ हँडल, मूळ मडगार्ड, सगळं. ही टू-स्ट्रोक रोडकिंग आता कुठलाच कारखाना बनवत नाही.

तुला खरोखरच कापायचं, जोडायचं, हात काळे करायचे असतील, आणि ती हौसही मला कळते, तर त्यासाठी वेगळी गाडी घे. जिच्या लाखो बहिणी रस्त्यावर आहेत, जिचे पार्ट नाना पेठेत पहिल्या दुकानात मिळतात अशी एखादी कम्युटर. कागद साफ असलेली. ती आधी आपल्या आवारात, शेतात चालवायला कर, रस्त्याचं नंतर बघू. त्या गाडीवर तू शिकशील आणि चुकशील, त्याचं वाईट वाटणार नाही. मी तुला ग्राइंडर धरायलाही शिकवते, चष्मा आणि हातमोजे घालून. दर रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात फिरू, हँडल-पायटे शोधू. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीवाल्यांचा दिवस असतो, त्या मेळाव्याला तुला नेते. तिथे चाळीस-चाळीस वर्षांच्या गाड्या बघ आणि त्यांच्या मालकांना विचार, कशाचा पश्चात्ताप होतो. मी विचारलंय. काहीतरी विकलं किंवा काहीतरी कापलं, ही दोनच उत्तरं मिळाली.

आणि मामाला नीट विचारलंस का गं? तू म्हणतेस, ‘मामा म्हणाला, ने, पडूनच आहे.’ मामा कशालाच नाही म्हणत नाही. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. याच टाकीवर मला पुढे बसवून तो यात्रेला न्यायचा, टाकीचा पत्रा उन्हानं तापू नये म्हणून वर घोंगडीचा तुकडा टाकायचा. मामीला पहिल्यांदा कळा सुरू झाल्या तेव्हा रात्री दोनला एसटी नव्हती, याच गाडीवरून तालुक्याला गेले. गाडी विकायला दोनदा गिऱ्हाईक आलं होतं आणि दोन्ही वेळा त्यानं किंमत मुद्दाम वाढवून सांगितली, हे मामीनंच मला सांगितलंय. त्याला तो फोटो दाखव. ‘मामा, अशी करू का?’ म्हणून विचार आणि तो काय म्हणतो त्यापेक्षा फोटो किती वेळ बघतो ते बघ.

मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येते. तोवर किक मारू नकोस. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात रिंगा बऱ्याचदा सिलेंडरला चिकटलेल्या असतात, जोरात किक बसली की मोडतात. शनिवारी रात्री प्लग काढून त्या भोकातून थोडं ऑइल सोडू, रात्रभर मुरू देऊ. सकाळी चौथ्या गिअरात टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे करू. पिस्टन सुटला की मऊ जाणवतं, कळेल तुला. टाकीतलं जुनं पेट्रोल तू आधीच काढून ठेव, अंगणात, चुलीपासून लांब. त्याला व्हार्निशसारखा वास येईल, घाबरू नकोस. नवा प्लग, प्लगचा पाना आणि दोन्ही ब्रेकची लायनर मी पुण्याहून आणते.

गॅरेजवाल्याला आजच फोन कर. आणि गाडीची किल्ली मामीच्या फडताळात असायची, खालच्या खणात, जुन्या बोर्नव्हिटाच्या डब्यात. विचारून ठेव.